आठवण करून द्या

माझे बाबा वाईला कृष्णेच्या घाटावर श्राद्धकर्म सांगतात. कुणाच्या वडिलांची तिथी कधी, कुणाची आई कोणत्या नवमीला गेली, सगळं तोंडपाठ. मी सांगलीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले आणि मला ते सारखे येणारे फोन, कॅलेंडरवरचे ते पेन्सिलीचे गोल बघवेनात. अंगात आलं माझ्या शहाणपण. सगळ्या यजमानांना कळवलं, आता फोन नको, मेल करा. माझा प्रोग्रॅम मेलच्या सर्व्हरशी कायम जोडलेला राहणार, मेल आला की वाचणार आणि बाबांच्या मोबाइलवर मराठीत मेसेज टाकणार. "तू म्हणतेस तर तसं," बाबा म्हणाले. कॅलेंडर मी स्वतः खिळ्यावरून उतरवलं.

एक गोष्ट मात्र केली नाही. बराच वेळ काही विचारलं नाही तर सर्व्हर जोडणी तोडून टाकतो, म्हणून अधूनमधून त्याला हाक मारत राहावी लागते. नवशिक्यालाही ठाऊक असतं हे. माझा प्रोग्रॅम तुटलेल्या जोडणीला कान लावून बसला आणि मेलच आलेला नाही असं समजत राहिला.

मी सुट्टीला घरी होते. भर दुपारी दरवर्षीचे यजमान पुण्याहून म्हाताऱ्या आईला घेऊन दारात उभे. वडिलांचं श्राद्ध होतं, मेल केला होता म्हणाले. मेसेज नाही म्हणजे यंदा ते येत नाहीत, असं समजून बाबा शेजारच्या गावी सत्यनारायणाला गेलेले. त्यांना फोन लावून मी लॅपटॉप उघडला. हिरव्या अक्षरांत 'चालू' लिहिलेलं, आणि मेल सर्व्हरवर तसाच पडून.

बाबा स्कूटर दामटत आले तोवर वेळ टळत आली होती. आजींच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. "गुरुजी, तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं," यजमान म्हणाले. बाबांनी एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"माझ्याच डोक्यातून गेलं हो. वय झालं आता."

मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं नाही. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

त्याच संध्याकाळी प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या. आता तो थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला हाक मारतो, जोडणी तुटत नाही. तरी आदल्या दिवशी यजमानांचे फोन येतातच. "गुरुजी, उद्याचं लक्षात आहे ना?" बाबा शांतपणे "आहे, आहे" म्हणतात.

परवा फोन मी उचलला. पलीकडच्या बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "गुरुजींना तेवढी आठवण करून द्याल का? हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही, असं ऐकलं."

"हो, देईन," मी म्हणाले.