गोठ्यात मुरलेली तंबाखू

चहा घ्या राजेहो, गरम आहे तोवर घ्या. मी एकदा बोलायला लागलो की कपात साय धरते, तरी लोक उठत नाहीत. मी उठू देत नाही म्हणा ना!

तर गाढवपणा. तसे मी आयुष्यात पुष्कळ केले, पण बहुतेक घरातल्या घरात. मंगरूळपीरच्या अख्ख्या बाजारानं उभं राहून पाहिला, असा एकच. आणि त्याला कारण झाली तंबाखू. खायची नव्हे, ओढायची.

जर्मनच्या दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी एका कापसाच्या जिनात वजनकाट्यावर बाबू होतो. जिनाचं इंजिन बसवायला आलेला एक गोरा साहेब परत विलायतेला निघाला. त्याच्या पेट्या मी सुतळीनं अशा आवळून बांधून दिल्या, की साहेबानं खूश होऊन खिशातला पाइप काढला आणि माझ्या हातावर ठेवला. काळपट लाकडाचा, पोटाला गोल, दांडीवर साहेबाच्या दातांच्या खुणा. मी तो राखेनं घासला, उकळत्या पाण्यातून काढला, देवासमोर ठेवला आणि मगच तोंडात धरला. धर्म बुडालाच तर अर्धा बुडावा!

आणि मग लागला छंद.

तुम्ही म्हणाल व्यसन. नाही हो! व्यसनी माणूस मिळेल ते ओढतो, मी निवडून ओढायचो. बाजारात करीमशेठचं तंबाखूचं दुकान होतं. जाडजूड माणूस, मेंदी लावलेली दाढी, आणि नाक असं की पोतं उघडायच्या आधी सांगायचा, यात पाला कुठला. दर रविवारी दुपारी त्याच्या दुकानामागच्या ओसरीवर आमची बैठक. तो हुक्क्यावर, मी पाइपावर. निपाणीची कडक, खानदेशची मऊ, गुजरातची पिवळी. यात ती थोडी, त्यात ही थोडी. मी गुलकंद घालून पाहिला, बडीशेप घातली, लवंग घातली. एकदा जायफळ घातलं, तर दिवे लागेपर्यंत ओसरीवरच घोरत पडलो. प्रत्येक मसाल्याचा शेरा वहीत टिपून ठेवायचो: 'नमुना अकरा. निपाणी दोन चिमटी, खानदेशी एक, गूळ बोराएवढा. तोंडात गोड, घशात विस्तव, डोळ्यांत पाणी. उत्तम.'

करीमशेठ वही वाचून म्हणायचा, "बाबूजी, ये तंबाखू है के सजा है?"

"तुमाले समजत नाही त्यातलं, शेठ!"

लय सुखाचे दिवस होते ते.

अशात आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, मुक्कामाला आले. आसेगावचे शेतकरी. गुडघे धरले होते आणि मंगरूळच्या हकिमाचा लेप दोन महिने लावायचा होता. यावं, लेकीचं घर आहे. पण अडचण अशी, की सोयरीक जमवताना मामाजींनी भर बैठकीत विचारलं होतं, "पोराले काही नाद?" आणि आमच्या काकानं छातीवर हात मारून सांगितलं होतं, "सुपारीचं खांड माहीत नाही त्याले!"

"मंग जमलं," मामाजी म्हणाले होते. "आमच्या घरातबी तंबाखूच्या पानाले कोणी शिवत नाही."

आता लग्नाला बारा वर्षं झालेली. पण म्हणून जावयानं सासऱ्यासमोर धूर काढायचा? ना बाप्पा! आमच्या वऱ्हाडात माणूस पन्नाशीला आला, तरी वडीलधारं कोणी दिसलं की पेटलेली बिडी मुठीत लपवतो आणि हात भाजून घेतो.

म्हणून माझा तंबाखूचा डबा आणि पाइप दोन्ही गोठ्यात गेले. घरामागं गोठा, त्यात एक गाय, कोपऱ्यात कडब्याचा ढीग, आणि ढिगामागं भिंतीत कोनाडा. सकाळी मामाजी हकिमाकडे गेले, की मी गोठ्यात जाऊन एक पाइप ओढायचो आणि मग जिनात जायचो. डब्यात तोच नमुना अकरा, कमी झाला की वरून भर.

आठ-दहा दिवस गेले असतील. एका सकाळी पाइप पेटवला आणि राजेहो, मी जागच्या जागी उभा राहिलो! काय तो धूर! मऊ, गोडसर, घशाला कुठं टोचणं नाही की काही नाही. डबा तोच, नमुना तोच. दुसऱ्या दिवशी आणखी चांगला, तिसऱ्या दिवशी त्याहून. आता शहाण्या माणसानं काय विचारलं असतं? हे कसं झालं? मी विचारलं, हे मी कसं केलं?

उत्तरही मीच दिलं. मुरली! लोणचं मुरतं, तशी तंबाखू मुरली. गोठ्याची ऊब, शेणाचा ओलावा आणि गाईचा श्वास. दुसरं काय असणार? मी गाईला रोज गुळाचा खडा चारायला लागलो, श्वास गोड व्हावा म्हणून.

ते पाहून आमची ही म्हणाली, "अवं, बारा वर्सांत मले कधी गुळाचा खडा नाही देला तुमी!"

"तुह्याच्यानं तंबाखू थोडीच मुर..." मी जीभ चावली. "तुह्यापेक्षा गाय अशक्त आहे."

रविवारी चिमूटभर तंबाखू करीमशेठकडे नेली. त्यानं हुक्क्यावर चढवली, एक झुरका घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"बाबूजी, ये माल मेरा नहीं. कहां से लाये?"

"लाये नही, बनाये!" माझं हिंदी हे असं. "तुमचीच हाय शेठ. माह्या गोठ्यात मुरवली."

"झूठ."

"गाईची शप्पत!"

बस! मग काय विचारता! दुकानात येईल त्याला मी धरून व्याख्यान द्यायला लागलो. जिनातला फिटर मुद्दाम गाय पाहायला आला. पोस्टमास्तरांनी विचारलं, म्हशीनं भागेल का? मी क्षणभर छताकडे पाहिलं आणि म्हणालो, "नाही. म्हशीचा श्वास जड असते. चव खाली बसते." हे मला कुणी शिकवलं? कुणीच नाही! तोंडाला येईल ते शास्त्र.

करीमशेठला ते सोसेना. तीस वर्षं तंबाखूत गेलेला माणूस तो. एका बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत तो उठून उभा राहिला.

"चलो बाबूजी, शर्त! नवा डबा मी देतो. तुमचाच नमुना अकरा, माझ्या हातानं भरतो. एकवीस दिवस ठेवा गाईजवळ. मुरली, तो ये मुरादाबादी हुक्का आपका."

"अन् नाही मुरली तं?"

त्यानं माझ्या तोंडातल्या पाइपाकडे बोट दाखवलं.

मी पाइप दातांत घट्ट धरला. दिवसभर नाकातोंडात कापसाची धूळ घेणाऱ्या माणसाची ती एवढीच तर ऐश होती. दांडीवर साहेबाच्या दातांशेजारी आता माझ्या दातांच्याही खुणा पडल्या होत्या. पण सगळा बाजार बघून राह्यला होता, आणि मी स्वतःच्याच शास्त्राला भुललो होतो.

"लागली!" म्हणालो.

करीमशेठनं डबा भरला, फडक्यात बांधला, गाठीवर लाख ओतली आणि वर आपली मोहर मारली. "कोई हाथ न लगाये," म्हणाला. मी हसलो. हात कोण लावणार? गोठ्यात मी आणि गाय!

नवा डबा मी थेट गाईच्या तोंडासमोर टांगला. गूळ दुप्पट केला. इकडे कोनाड्यातला जुना डबा तर असा बहरला होता, की रोज सकाळी पाइप विझवायचं जिवावर यायचं. मुरादाबादी हुक्का घरात कुठं लपवायचा, ती जागासुद्धा मी हेरून ठेवली.

बाविसाव्या दिवशी दुकानासमोर ही गर्दी! करीमशेठनं मोहर तपासली, लाख फोडली. पाइप मीच भरला, मीच पेटवला. पहिला झुरका घेतला. तोंडात गोड, घशात विस्तव, डोळ्यांत पाणी. आणि या खेपेला वरून शेण.

तरी मी धीर सोडला नाही. दुसरा झुरका घेतला आणि "वा!" म्हणालो. पण त्या 'वा'च्या मागोमाग असा ठसका आला, की पोस्टमास्तर माझी पाठ चोळायला धावले. मग करीमशेठनं हुक्क्यावर चढवून एक झुरका घेतला आणि शांतपणे बाजूला थुंकला. हसला हो सगळा बाजार! फिटर तर पोत्यावर लोळला. मी पाइप झाडला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि शेठच्या हातावर ठेवला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते आता धुराचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिनात माझं लक्ष लागेना. डोक्यात एकच भुंगा. जुना डबा मुरला, मग नवा काहून नाही मुरला? आणि एकदम उजेड पडला. लाख! लाखेनं हवा कोंडली! जुना डबा शेठपुढे उघडून दाखवायचा, शर्त पुन्हा लावायची आणि पाइप सोडवून आणायचा! भर दुपारी सुट्टी मागून घरी आलो आणि मागच्या दारानं गोठ्यात शिरलो.

कडब्यामागं मामाजी पाय लांब करून बसलेले. मांडीशी माझा जुना डबा. त्यातली तंबाखू चिमटीनं काढून एका फुटक्या टोपल्यात टाकत होते आणि कमरेच्या चंचीतली तंबाखू माझ्या डब्यात भरत होते. मधेच थांबून शेजारची चिलीम उचलायचे, तिच्या बुडाचं ओलं फडकं, साफी, नीट करायचे आणि एक खोल झुरका घ्यायचे.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. चिलीम झटकन दुपट्ट्याखाली गेली.

"गाय पाहाले आलतो," मामाजी म्हणाले.

"मी बी," मी म्हणालो.

गाय बिचारी दोघांकडे पाहत रवंथ करत होती.

"मामाजी, तुमच्या दुपट्ट्यातून धूर येऊन राह्यला."

"गर्मी लय हाय यंदा."

आणि दुपट्टा पेटला! मामाजींनी तो फेकला, मी त्यावर थयाथया नाचलो, आणि आग विझल्यावर दोघंही असे हसलो, की मला कडब्याला धरून खाली बसावं लागलं.

"काय सांगू जवाईबापू," मामाजी डोळे पुसत म्हणाले, "आल्या आल्याच हा डबा सापडला मले. म्हटलं, पाहू तं खरं जवाई काय ओढते. एक झुरका घेतला अन् मेलेला बाप समोर दिसला! पण बोलू कसा? घरात कोणी शिवत नाही म्हून मीच सांगून बसलो. मंग रोज थोडी थोडी तुमची काढली अन् माह्या वावरातली, विहिरीजवळची भरली."

"पण काहून मामाजी?"

"काहून म्हंजे? माह्या लेकीच्या कुंकवाचा सवाल होता!"

मी त्यांना शर्तीचं सांगितलं, पाइपाचं सांगितलं. मामाजींचा चेहरा उतरला.

"अरेरे! तो टांगलेला डबाबी बदलला असता म्या. पण वर मोहर दिसली. म्हटलं, सरकारी काम असंन, कायले हात लावा!"

दुसऱ्या दिवशी मामाजी दुखऱ्या गुडघ्यांनी, काठी टेकत बाजारात गेले. दोन घंटे करीमशेठच्या ओसरीवर बसून आले. काय बोलणं झालं देव जाणे, पण तेव्हापासून दर साली आसेगावहून शेठकडे तंबाखूचं एक मडकं जायला लागलं. त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या हिनं फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यापुढे ठेवली.

"बाबानं देली. म्हणे, जवाईबापूचं कानात तेल सोडाचं नळकांडं हाय."

"हो, हो. कान दुखते ना माहा."

"दुखू द्या. पण तुमचे सदरे मीच धुते, एवढं ध्यानात ठेवा!"

गोठ्यात मग आम्हा दोघांच्या बैठकी सुरू झाल्या. पण समोरासमोर ओढली तर मर्यादा राहत नाही, म्हणून आम्ही तोड काढली. पाठीला पाठ लावून बसायचं. मामाजींचं तोंड गाईकडे, माझं भिंतीकडे. दिसत नाही म्हणजे ओढत नाही! त्यांची चिलीम, माझा पाइप, आणि दोन्हींत विहिरीजवळची तंबाखू. यंदाची कडक की मागल्या सालची, गूळ घालावा की नाही, अशा गप्पा आम्ही भिंतीशी आणि गाईशी मारायचो. इतकं सुख मला रविवारच्या ओसरीवरही मिळालं नव्हतं.

अशाच एका दुपारी मी सहज विचारलं, "मामाजी, माह्या डब्यातून काढली ती तंबाखू, तिचं काय केलं हो तुमी?" मनात आपली आशा, की कुठं तरी जपून ठेवली असेल. नमुना अकरा होता तो माझा!

"तिची धुनी घातली इथंच. लय मच्छर झालते."

चला, म्हटलं, कामी तरी आली.

"मंग? गेले का मच्छर?"

मामाजींनी सावकाश धूर सोडला.

"मच्छर कायचे जातात! गाय दावं तोडून पळाली."