आमच्या इमारतीचा मृत्युदर

कांजूरमार्गला आमच्या घराच्या खिडक्या उजाडलं की बंद होतात. वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून वळला की उघड्या खिडकीत उभं राहवत नाही. मी घरीच शाळकरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. त्यामुळे मी, मुलं, बंद काचा, वरचा पंखा आणि आतल्या खोलीतून बाबांचा खोकला असा आमचा संसार. बाबा जुने गिरणी कामगार. छाती तेव्हाच कापसाच्या धुळीनं खाल्लेली, त्यात आता हा वास. बरणीला झाकण लावून आत आम्हाला ठेवून दिलंय, असं मला कितीदा वाटतं.

गेले कित्येक महिने बाबांचा एकच धोशा होता. "माका गावाक न्हेऊन सोड गो बाय. हय श्वास घेवक जमना नाय." मी आज नेते, उद्या नेते करत होते. गावी चुलतभाऊ आहे, घरापुढच्या खळ्यात खाट टाकून देईल, पण तिथं डॉक्टर नाही. आणि इथं छातीचा डॉक्टर गाठायचा तर दोन बस बदलायच्या. बाबांना आमचा जिनाच उतरवत नाही.

म्हणून इमारतीतल्या आम्ही बायका विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेलो. जवळच्या दवाखान्यात अधूनमधून तरी छातीचा डॉक्टर बसवा, एवढंच मागणं. अधिकारी माझ्याहून लहान, बोलायला गोड मुलगी. तिनं कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला.

"ताई, तुमच्या भागाचा मृत्युदर शहराच्या सरासरीपेक्षा कमी आहे. म्हणजे परिस्थिती बरी आहे. जिथं दर जास्त, तिथं डॉक्टर आधी द्यावा लागतो."

"अहो मॅडम, एकदा येऊन वास तरी घ्या ना!" माझी शेजारीण उखडली.

"वासाचा रकाना नाही हो यात," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

हा दर काढतात कसा, मी विचारलं. वर्षभरातले मृत्यू वर, राहणारी माणसं खाली, गुणिले हजार. म्हणजे अंश आणि छेद! हेच तर मी रोज पोरांच्या डोक्यात कोंबते. मग मी विचारलं, मृत्यू कुठले धरता? ती म्हणाली, इथं झालेले. माणूस जिथं जातो तिथं त्याची नोंद होते.

परतताना रिक्षात माझी ट्यूब पेटली. आमची इमारतच काय, आजूबाजूची वस्तीही जवळजवळ सगळी कोकणातली. आमच्याकडे माणूस अंथरुणाला लागला की त्याला गावी नेतात. ट्रॅव्हल्सच्या गाडीत खालची सीट, उशाशी पाण्याची बाटली, आणि विचारलं तर सांगायचं, हवापालट. ही हवापालट कसली असते ते सगळ्यांना माहीत असतं. माणूस जन्मभर राहतो इथं, म्हणून छेदात येतो. मरतो गावी, म्हणून अंशात येत नाही. आमचा दर कमी का, तर आम्ही इथं मरतच नाही. झकास!

घरी येऊन मी बाबांना चहा देता देता सगळं समजावलं. मला शिकवायची खोडच आहे, शिवाय शोध लावल्याचा आनंदही होता. बाबा बशीतला चहा विसरून ऐकत होते.

"म्हणजे तळमजल्यावरचो आमचो दोस्त?"

"गावी गेला ना? मग तो गावचा आकडा."

"आणि तुझी आवस?"

आई माझी गावीच गेली. मी मान हलवली. त्यांनी बशी तशीच खाली ठेवली.

पुढे ऊन वाढलं तसा वासही वाढला आणि बाबा रात्र रात्र बसून काढू लागले. मी हरले. डॉक्टर नसला तरी हवा तर आहे, म्हणून गाडीचं तिकीट काढलं, पिशवी भरली. बाबा खाटेवर भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होते.

"मी येवचंय नाय."

"बाबा, तुम्हीच मागे लागला होता ना?"

"तेवा माका म्हायत नाय होता. संपाच्या टायमाक आमी सगळे गावाक गेलंव. हय गेटार मोजूक माणूसच नाय रवलो. मालक म्हणालो, खय आसा तुमचो संप?" त्यांना धाप लागली. मी पाठ चोळली. मग म्हणाले, "माझी नोंद हयच होवक व्हयी."

"एका माणसानं काय होणार आहे? दर काय हलणार आहे का त्यानं?"

"तूच सांगलंस मां, वरचो आकडो कमी आसा म्हणान डॉक्टर नाय. मगे?"

मी भांडले, रडले, चुलतभावाला फोन लावून दिला. उपयोग शून्य. मला स्वतःचा, त्या अंश-छेदाचा, त्या गोड मुलीचा, सगळ्यांचा संताप आला. उत्तर चूक असतं तर खोडून काढलं असतं, पण बाबांचं उत्तर बरोबर होतं. आणि उचलून गाडीत घालावं तर माझी तेवढी ताकद नाही, हिंमत तर नाहीच. तिकीट वाया गेलं. पिशवी अजून कपाटावर आहे, भरलेलीच.

आता दिवसभर मुलांना अपूर्णांक शिकवताना माझे कान आतल्या खोलीकडे असतात. खोकला ऐकू आला की जीव कळवळतो, थांबला की त्याहून जास्त. दर कमी म्हणून रिकाम्या हातानं परतलेली मी, रोज उजाडलं की आधी बाबांच्या छातीवर हात ठेवते आणि आजचा दिवस तो आहे तेवढाच राहू दे, म्हणते. मग जाऊन खिडकी लावून घेते.