कॅन्टीनची पितळी घंटा

आमची टीव्ही कंपनी कधीच बंद पडली, पण तिच्यावरचं प्रेम काही बंद पडत नाही. दर वर्षी चिंचवडच्या एका कार्यालयात जुनी माणसं जमतात. एकेकाळी घरोघरी आपलाच टीव्ही होता, असं भाषणात सांगतात आणि डोळे पुसतात. भिंतीवर टांगायचे पातळ टीव्ही आले तेव्हा हेच साहेब लोक म्हणायचे, हे खेळणं टिकायचं नाही. ते मात्र कुणाला आठवत नाही.

मी ठेकेदाराचा माणूस. परमनंटवाल्यांना खेटून बसलो, तेच सोल्डरिंग केलं, तरी गेटपास वेगळा. यंदा मलाही बोलावणं आलं, जोडीनं या म्हणून. बायकोला मी आयुष्यभर कंपनीच्या गप्पा ऐकवल्या होत्या. त्या माणसांत मानानं बसून जेवताना तिनं मला एकदा बघावं, एवढीच हौस होती. तिनं ठेवणीतली साडी काढली.

पंगत बसली. शेजारच्या परमनंटनं जिलेबीचा आग्रह केला, तोही अहो-जाहो करून. मी फुगलो, खोटं कशाला बोलू.

एवढ्यात कॅन्टीनचे निवृत्त सुपरवायझर उठले. कंपनीला टाळं लागलं तेव्हा कॅन्टीनची पितळी घंटा त्यांनी घरी नेली होती. आम्ही ठेकेदाराची माणसं आधी जेवायचो. घंटा झाली की परमनंटवाले येणार. आम्ही ताट उचलून बाहेर पडायचं, पोट भरलेलं असो वा नसो. उरलेलं नळापाशी उभ्यानं खायचं. तीच घंटा त्यांनी आज सोबत आणली होती, ती आठवण म्हणून वाजवली.

मी उठलो. ताट हातात. आणखी काही जण उठले होते, सगळे ठेकेदाराचेच. परमनंटवाले बसूनच होते. मग हशा पिकला, टाळ्या पडल्या, मोबाइल निघाले.

सुपरवायझर गहिवरून माइकवर म्हणाले, "याला म्हणतात शिस्त. अशी माणसं आता मिळत नाहीत राव. कंपनी नव्हती ती, घर होतं."

आग लागो त्या घराला.

बायको माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "उठलाव कामून? भात राहिलाय की ताटात."

मला परत बसता येईना. हात धुवायच्या नळापाशी जाऊन मी तो भात उभ्यानं खाऊ लागलो. शेजारी बघितलं, तर तीही आपलं ताट घेऊन येऊन उभी राहिली होती.