चौदा पायऱ्या आणि एक लिफ्ट

लिफ्ट हा शब्द मी शाळेत शिकलो नाही. तो मी चौक फाट्यावर शिकलो. नववीत शाळा सोडली होती, खिशात एसटीचे पैसे नसायचे. ट्रकला हात करायचा, ड्रायव्हरने ब्रेक दाबला तर ती लिफ्ट. पुढे धंद्यात पडल्यावर कळलं, की भाव देणं म्हणजेही लिफ्ट. पनवेलचे टाइल्सवाले सुरुवातीला मला अजिबात लिफ्ट द्यायचे नाहीत. दोन-दोन तास बाकड्यावर बसवून ठेवायचे. नदीचं पाणी पंपाने वर चढवून उन्हाळी भात घेतात, त्यालाही आमच्याकडे लिफ्टचं पाणी म्हणतात. हे सगळे अर्थ मी चपला झिजवून शिकलो. राहिलेला एक अर्थ माझ्या धाकट्या भावाने आयता घरात आणला, आणि तो काही माझ्या घशाखाली उतरेना.

हाच भाऊ कॉलेजची सगळी वर्षं माझ्या लुनावर मागे बसून कर्जत स्टेशनपर्यंत यायचा. त्याला सोडून मग मी दुकान उघडायचो. आज कुणी विचारलं तर तो सांगतो, "मी ट्रेनने जायचो." स्टेशनपर्यंत कसा पोहोचायचा, ते सांगत नाही.

त्याने कर्जतला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वास्तुशांतीच्या दिवशी त्याची बायको आईला म्हणाली, "आई, आता इकडेच राहा. लिफ्ट आहे ना!" जेवणं होईपर्यंत हे वाक्य मी चारदा ऐकलं. चौथ्या वेळी मी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली.

कारण आई माझ्याकडे राहायची. खाली माझं हार्डवेअरचं दुकान, वर घर. दोन्ही मी एकट्याने उभं केलेलं. बांधकामाच्या वेळी मिस्त्री म्हणाला होता, जिन्याला अठरा पायऱ्या लागतील. मी घासाघीस केली. सिमेंटच्या भावात करतात तशी पायऱ्यांच्या आकड्यात केली, आणि त्याला चौदावर आणला. जिना आखूड झाला, दुकानाला तिसरं शटर मिळालं. पायऱ्या मात्र गुडघ्याला लागतील इतक्या उंच झाल्या. आई पहिल्यांदा चढली तेव्हा मध्येच थांबून म्हणाली होती, "लय उंच केल्यास रं."

"शटर वाढलं ना, आई," मी म्हणालो होतो.

पळसदरीहून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन तिने कर्जतचा बाजार वर्षानुवर्षं केला होता. गुडघे त्यानेच गेले असं मी सगळ्यांना सांगायचो. वास्तुशांतीच्या आधीच्या वर्षभरात ती दोनदाच खाली उतरली. दोन्ही वेळा डॉक्टरकडे जायला.

वास्तुशांतीनंतर आठवड्याभरातच मी लिफ्टवाल्याला बोलावलं. त्याने जागा मापली आणि म्हणाला, "शेठ, तिसरं शटर काढावं लागेल."

"शटरला हात लावायचा नाही. मागच्या बाजूने बाहेरून बसव. छोटी."

"तिथे माल चढवायचा पाळणा बसेल. माणूस चढवायचाय की सिमेंटची गोणी?"

मी त्याला टेपसकट बाहेर काढला. वरून आईने सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी तिने भावाला फोन लावायला सांगितला. "आठ दिस जाऊन येते," म्हणाली. आठाचे चाळीस झाले.

मी तिला आणायला गेलो तेव्हा ती घरात नव्हती. भावजय म्हणाली, "आई खाली असतील, दादा. पाच वाजले की त्या घरात थांबत नाहीत." खाली बाकावर चार बायकांच्या मधोमध आई बसलेली. चेहऱ्यावर तुकतुकी आलेली. मला पाहून उठली, काठी टेकत लिफ्टमध्ये शिरली आणि सातचं बटण स्वतः दाबलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आत ये रं, चिमटत नाय ती."

एका पत्र्याच्या पेटीचा इतका राग मला कधी आला नव्हता. मी जे वर्षभर केलं नाही ते ती पेटी दिवसातून दोनदा करत होती, तेही न बोलता.

"घरी चल," मी वर पोचल्यावर म्हणालो.

"पायऱ्या तेवढ्याच हायत का?"

मी रिकाम्या हाताने परत आलो. धंद्यात असं कधी होत नाही.

महिन्याभराने तिसरं शटर काढलं आणि जिना फोडला. तोच मिस्त्री, आता म्हातारा झालेला. त्याने बावीस पायऱ्या सांगितल्या, मध्ये बसायला मोठा टप्पा, दोन्ही बाजूंना कठडा. सांगून माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "कमी करायला सांगनार असाल तर आत्ताच सांगा, शेठ."

"बावीस कर," मी ओरडलो. लिफ्ट बसवली असती तर लोक म्हणाले असते, धाकट्याचं पाहून केलं. तेवढा अभिमान मी राखला.

आई बघायला आली. कठडा धरून अकरा पायऱ्या चढली, टप्प्यावर बसली, रस्त्यावरची वर्दळ पाहू लागली.

"मग, राहतेस?" मी विचारलं. "महिन्यातले पंचवीस दिवस माझ्याकडे."

"आठ."

"वीस. घर मोठ्याचं आहे."

"मोठ्यानंच चौदा पायऱ्या केल्या. धा."

आवाज न चढवता सौदा करायचा कसा, हे मी तिच्याच पाटीशेजारी बसून शिकलो होतो. तिच्यासमोर माझी विद्या चालेना. शेवटी पंधरा माझ्याकडे, पंधरा त्याच्याकडे, असं ठरलं.

"आणि एकतीस तारीख?" मी विचारलं.

"ती त्याची. तिकडं बाया वाट बघत्यात."

मी तिथेच भडकलो. खाली गिऱ्हाईक उभं होतं, तेही मान वर करून पाहू लागलं. आई शांतपणे काठी सावरत उठली आणि उरलेल्या अकरा पायऱ्या चढू लागली. एकतीस तारखेचा निकाल अजून लागलेला नाही. या महिन्याच्या एकतीसला भावाची गाडी तिला न्यायला सकाळी नऊला दारात येऊन उभी राहिली, आणि मी आईची पिशवी संध्याकाळपर्यंत खाली उतरवलीच नाही.