बाळंतवाताच्या शोधातले डॉक्टर

पेशंट खुर्चीत टेकतो न टेकतो तोच वांगीकर डॉक्टर विचारायचे, "आंघोळीला पानी कढत घेता का कोमट?" मेंदूच्या डॉक्टरानं न्हाणीची चौकशी करावी, याचं लोकांना हसू यायचं. मलाही आलं होतं. बाळंतपणानंतर माझा पाय लुळा पडला होता आणि कढत पाण्यानं न्हाऊन उठलं की डोळ्यांपुढं धूसर व्हायचं. घरचे म्हणत, बाळंतवात आहे. डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला लावला आणि आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. अंगातली राखण करणारी ताकदच नसांवरचं कवच खायला लागते. शेक लागला की त्रास वाढतो, गारव्यात कमी होतो.

डॉक्टर मूळचे पाथरीकडचे. शहरातली चांगली नोकरी सोडून परभणीत आले ते एकच खूळ डोक्यात घेऊन. हा आजार थंड मुलखातला, आपल्याकडं फारसा नाही, असं त्यांना शिकवलेलं. "न्हाई कसा?" ते उसळून म्हणायचे. "बाजंवर पडून हाय की, बाळंतवात म्हणून!" आमच्या भागात बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. हा आजार असलेली बाई त्या धगीनं आणखी ढेपाळते. पुढं काही आठवड्यांनी झटका ओसरून पाय आपोआप मोकळे होतात आणि श्रेय मिळतं शेगडीला. डॉक्टरांना हे कागदावर सिद्ध करायचं होतं.

बायका परक्या पुरुषाला बाळंतपणाचं सांगत नाहीत, म्हणून रविवारी ते मला सोबत न्यायचे. मी जिंतूरला शाळेत शिकवते. औषधावर माझा पाय सावरला होता. डॉक्टर माणूस तिरसट. चहा गार आला तरी चिडायचे, पण पेशंटच्या सासूपुढं मात्र खुशाल हात जोडायचे.

पेडगावची कालिंदा मेंढरं राखणाऱ्या घरातली सून. पहिल्या बाळंतपणानंतर तिचे दोन्ही पाय गेले. डॉक्टरांनी तपासणी करून दवा सुरू केली. ती चालू राहिली तर पुढचे झटके टळण्याची आशा होती. काही महिन्यांनी दुसरा एमआरआय झाला असता तर डॉक्टरांच्या अभ्यासालाही बळ आलं असतं. पण ती आलीच नाही, म्हणून आम्ही तिच्या गावी गेलो.

सासू दारातूनच हरखून ओरडली, "या साहेब! बगा, सून मेंढरामागं जायलीय. शेकून शेकून वारं काढलं आमी!"

माळावर कालिंदा खरंच झपाझप चालत होती. सगळे खूश होते. एकटे डॉक्टर तिच्याकडं बघून मटकन ओट्यावर बसले.

"आई, आजार गेला न्हाई, निजलाय. दवा सोडू नका."

"चालत्या बाईला कशाची दवा ओ?"

कालिंदाही येऊन हसली. "तुमी उगंच बेजार व्हायलात साहेब."

परतताना जीपमध्ये ते म्हणाले, "बाई, पेशंट चालायला लागला की मला भ्या वाटतंय." मला त्यांचा राग आला, कारण मीही चालतच होते.

गावोगाव हेच झालं. पाय सुटले की बाई पुन्हा तपासणीला येईना. डॉक्टरांचा शोधनिबंध पुरावा अपुरा म्हणून वैद्यकीय नियतकालिकाकडून परत आला. त्यांनी तो दुरुस्त करून पाठवला, तो पुन्हा परत आला. कालिंदाच्या दुसऱ्या बाळंतपणात त्यांनी विनवण्या करून शेगडी तेवढी बंद करवली, पण दवा कुणी सुरू करू दिली नाही. त्या खेपेला ती पडली ती उठलीच नाही. नजरही गेली.

या उन्हाळ्यात डॉक्टर हृदयविकारानं गेले. पेडगावहून जीप आली. कालिंदाला दिरानं पाठीवर घेऊन आत आणलं. तिनं चाचपडत डॉक्टरांच्या पायांना हात लावला आणि हमसून हमसून रडली. मलाही रडू आवरेना.

सासू डोळे पुसत माझ्याजवळ सरकली. "लय देवमानूस. आमच्यासाटी किती येरझाऱ्या केल्या. पन बाई, बाळंतवात काय त्यास्नी वळखू आला न्हाई. त्यांचं ऐकून शेगडी बंद केली आन् पोरीचा घात झाला."

कालिंदा शेजारीच बसली होती. तिनं हळूच मान डोलावली.