भुसावळची रनिंग रूम पाडण्याआधी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भुसावळची जुनी रनिंग रूम पाडणार असं कानावर आलं आणि मी धुळ्याहून निघालेच. बाहेरगावचे ड्रायव्हर-गार्ड परतीची गाडी मिळेपर्यंत जिथे झोपत, ती ही इमारत. माझे बाबा चाळीसगावहून मालगाडी घेऊन यायचे आणि इथेच पाठ टेकायचे. घरी आले की तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! ते वारले, तरी त्यांच्या मनाचा थांग मला लागला नव्हता. नवऱ्याचा कॅमेरा आणि शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर पिशवीत टाकला.

पारोळा, एरंडोल करत एसटीने हाडं खिळखिळी केली. तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, जळगावला उतरून भरीत आणि कळण्याची भाकरी खा. ठेचा जपून. मी जपले नाही.

भुसावळला बाबांच्या जोडीचे रिटायर्ड ड्रायव्हर, नाना, वाट बघत होते. इमारतीतल्या खाटा, दारंसुद्धा काढून नेलेली. मी लांबलचक हॉलचे, चुलींचे फोटो काढले आणि टेप चालू करून माझ्या नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारायला लागले. नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, बेटा. कोनी झपेल व्हई."

कबुतरांशिवाय तिथे कोण होतं? पण ड्युटीवरून आलेला कुणी ना कुणी इथे सदा झोपलेला असे, म्हणून सगळे बूट हातात घेऊन चालत आणि कुजबुजत बोलत. नानांची ती सवय गेलीच नव्हती. ते कुजबुजले तेवढी टेप ऐकली, तर नुसती खरखर! उद्या भिंती पाडणार होते. मोठ्याने बोलतील म्हणून नानांना बाहेर कडुनिंबाखाली नेलं, तर त्यांना काही आठवेना. शेवटी पुन्हा आत आलो. बाबांची खाट असायची तिथे नाना खाली बसले आणि मी टेपरेकॉर्डर थेट त्यांच्या तोंडाशी धरला.

"तुना बाप झपमा बडबडे," ते कुजबुजले. "'शकू जेवनी का?' असं इचारे. मंग बाजूना खाटवरना कोनी बी सांगे, 'हां, जेवनी. झप आते.'"

शकू म्हणजे मी. मी तिथेच रडले, आणि तेही आवाज न करता.

धुळ्याला टेप लावली, तेव्हा नानांचे शब्द ऐकू यावेत म्हणून अख्खं घर श्वास रोखून बसलं. फोटो बरेचसे काळे आले. इमारत तर गेलीच. बाबांना उत्तर देणाऱ्यांची नावं नानांनाही सांगता आली नाहीत. स्वतःची लेकरं लांब ठेवून आलेली, थकलेली माणसं ती, माझ्या बापाला झोप लागावी म्हणून माझ्या वतीने 'हां' म्हणत होती. देव त्यांचं भलं करो. आणि ती माणसं खोटं बोलत नव्हती. आईने मला एकदाही उपाशी झोपू दिलं नाही.