पावसाळ्यातले रिपोर्ट

असं समजा, की सकाळचे सहा वाजलेत आणि तुम्ही उत्तनच्या किनाऱ्यावर उभे आहात. पायाशी ओल्या बोंबलांचा ढीग आहे. एक उचला, त्याचा जबडा उघडा, त्यात दुसऱ्याचा जबडा अडकवा. झाली जोडी. आता हात डोक्याच्या वर न्या आणि ती जोडी बांबूंना ताणलेल्या दोरीवर टाका, एक बोंबील अलीकडे, एक पलीकडे. बोंबील सुकवायच्या या बांबू-दोऱ्यांच्या मांडवाला इथे वलांडी म्हणतात. आता पुढची जोडी. मग त्याच्या पुढची. बसून हे काम होत नाही, दोरी वर असते. ऊन डोक्यावर येईपर्यंत हजारभर जोड्या टाका. आणि हे करताना असंही समजा, की तुमच्या ओटीपोटाला आतून कोणीतरी ओल्या वाळूची पिशवी बांधली आहे आणि दर तासाला तिच्यात एक ओंजळ वाढवतंय.

जॉयस पाच वर्षं हे करत होती.

धाकटी मुलगी झाली तेव्हा ती एकतीसची होती, आणि दुखणं तेव्हापासूनचं. सकाळी काही नसायचं. अकरापर्यंत जडपणा यायचा, दुपारी कंबर आणि ओटीपोट एकत्र ओढल्यासारखं व्हायचं आणि संध्याकाळी चुलीपाशी ती एका हाताने पोटाखाली दाबून दुसऱ्या हाताने कालवण ढवळायची. पाळीच्या आधी तर विचारायला नको. नवऱ्याच्या जवळ गेलं की नंतर दोन-दोन तास ठणकायचं. म्हणून ती जाणं टाळायची आणि कारण सांगायची नाही. मांडीच्या आतल्या बाजूला आणि त्याहून वर निळसर गाठीगाठींच्या शिरा फुगल्या होत्या. त्या तिने कोणालाच दाखवल्या नव्हत्या. डॉक्टरला तर नाहीच. पोट दुखतंय म्हणून गेलेल्या बाईने तिथलं काय दाखवायचं?

डॉक्टर मात्र तिने पुष्कळ केले. एकाने गॅस सांगितला, दुसऱ्याने इन्फेक्शन. तीन वेळा सोनोग्राफी झाली आणि तिन्ही वेळा रिपोर्टवर तोच शब्द आला, नॉर्मल. तिसऱ्या खेपेला सासू दारातच म्हणाली, "डॉक्टर सांगतं काय न्हाय, मशीन सांगतं काय न्हाय. मंग दुखतंय तरी कोनाला गो?"

रात्री जॉयसलाही वाटलं, की आपल्या डोक्यातच काहीतरी बिघडलं असेल.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात भाईंदरच्या एका डॉक्टरांनी सगळे कागद चाळले आणि चष्मा काढून ठेवला. "तीन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाकू. नाताळाच्या आधी मोकळ्या व्हाल." पिशवी म्हणजे गर्भाशय. मंगळवारची तारीख ठरली. जॉयसला हायसं वाटलं, निदान कोणीतरी काहीतरी काढणार होतं. पण बसमध्ये बसल्यावर तिच्या मनात आलं, तिन्ही रिपोर्टांत पिशवी नॉर्मल आहे असं लिहिलंय. मग नॉर्मल वस्तू काढून दुखणं कसं जाणार? तिने ते नवऱ्याला, रॉबर्टला विचारलं. रॉबर्ट होडीवर जायच्या घाईत होता. "डॉक्टरला जास्त कळतं का तुना?" एवढं म्हणून तो निघून गेला.

ऑपरेशनच्या आधी नवीन सोनोग्राफी हवी होती. जॉयसने गुरुवारी सकाळची वेळ घेतली, पण त्याच पहाटे होडी भरून आली. एवढा माल सोडून कोण जाईल? तिने फोन करून संध्याकाळची वेळ मागितली आणि दिवसभर वलांडीखाली उभी राहिली. चारला हातपाय धुऊन, साडी बदलून तिने बस पकडली. हाताचा वास काही गेला नव्हता. सेंटरमध्ये बाकावर जागा होती, तरी ती लांब भिंतीला टेकून उभी राहिली.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मृणालिनी तरुण होत्या. आधीचे रिपोर्ट उलटताना त्या थांबल्या.

"हा जुलैचा. हा पण जुलैचा. आणि हा ऑगस्टचा. तुम्हाला पावसाळ्यातच दुखतं का?"

"न्हाय मॅडम. पावसाळ्यात उलट बरं असतं."

"मग तेव्हाच का येता?"

"तवा होड्या बंद असतात ना. सुकवायचं काम नसतं. बाकी दिवसांत वेळ कुठे मिळतो?"

"आणि तपासणी कधी केली? सकाळी?"

"सकाळीच. आराम करून."

डॉक्टर मृणालिनींनी कागद खाली ठेवले. "आज किती तास उभ्या होता?"

"सहापासून. मधे जेवले."

"आत्ता दुखतंय?"

जॉयसच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षांत 'आत्ता' कोणी विचारलं नव्हतं. तिने मान हलवली, आणि मग कोणीतरी ढकलल्यासारखं एकदम बोलून टाकलं, "मॅडम, खाली शिरा पण फुगल्यात. मांडीला. आणि... वरपण."

डॉक्टरांनी आधी झोपवून पाहिलं. मग जोर करायला सांगितलं, आणि शेवटी उभं करून मशीनचा तो गार तुकडा ओटीपोटाच्या डाव्या बाजूला दाबून धरला. पडद्यावर लाल-निळे ठिपके सळसळले. पिशवीच्या शेजारी बोटाएवढ्या जाड, वेड्यावाकड्या नळ्या दिसत होत्या.

"या शिरा बघा. रक्त वर जायला हवं, ते खाली येतंय." जॉयसच्या चेहऱ्यावरून तिला कळलं नाही असं दिसलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "मिठागर बघितलंय?"

"माझी आई मिठागरात होती. राई गावाला."

"मग तुम्हाला सोपं आहे. खाडीचं पाणी अडवायला तिथे दार असतं ना? तसे शिरांच्या आत छोटे पडदे असतात, रक्त मागे येऊ नये म्हणून. बाळंतपणात शिरा ताणतात, पडदे मिटत नाहीत. तुम्ही उभ्या राहिलात की रक्त मागे येऊन तुंबतं. आडव्या झालात की ओसरतं. पायाला फुगतात तशाच या शिरा, फक्त पोटाच्या आत."

"आणि मी दर वेळी ओहोटीला येत होते," जॉयस म्हणाली.

डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "एक सांगते. अशा शिरा काही बायकांना असतात आणि त्यांना अजिबात दुखत नाही. तुमचं दुखणं यांचंच असावं असं मला वाटतं, पण शंभर टक्के मी लिहू शकत नाही. ऑपरेशनच्या आधी तुमच्या डॉक्टरांना हे दाखवा."

घरी आल्यावर जॉयस नणंदेकडे गेली. ऑड्रेने चार वर्षांपूर्वी पिशवी काढली होती आणि गावभर सांगायची, मी तर सुटले बाबा. अंगणात ती सुक्या बोंबलांचे जुडगे बांधत होती. जॉयसने सगळं सांगितलं. ऑड्रे आधी थट्टेवर गेली. "मिठागर पोटात? मंग मीठ विकायला काढ गो, बोंबलाला बरं पडंल!" जॉयस हसली नाही. ऑड्रेचे हात थांबले.

"माझं बी जात न्हाय संध्याकाळचं," ती हळू आवाजात म्हणाली. "पाळीचा तरास गेला, ते खरं हाय. पन हे खालचं ओढनं तसंच हाय."

"मंग सांगतेस काय सगळ्यांना, बरी झाले म्हणून?"

"पोट फाडून घेतल्यावर न्हाय बरं वाटलं, असं कोनाला सांगू?"

त्या रात्री जॉयसने पाच वर्षांत पहिल्यांदा दिवा चालू ठेवून रॉबर्टला त्या शिरा दाखवल्या. तो म्हणाला, "मना वाटायचं, तुना मीच नको झालोय." जॉयसला रडू आवरेना. कोणाची चूक म्हणायची, तिला समजत नव्हतं.

शनिवारी रॉबर्ट तिच्याबरोबर गेला. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून खांदे उडवले. "ऑपरेशनमध्ये बघू की. या शिरा काय, बऱ्याच बायकांना असतात."

"पण पिशवी काढली आणि शिरा राहिल्या तर?" जॉयसने विचारलं.

"शक्यता आहे. गॅरंटी कोण देणार?"

"मग मंगळवारचं राहू द्या, डॉक्टर." आवाज तिचाच होता, पण तिला तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, तासन्‌तास उभं राहू नका म्हणाले, आणि मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथे बारीक नळी घालून शीर आतूनच बंद करतात, चिरफाड नाही. तारीख मिळाली ती मार्चची.

बाहेर आल्यावर जॉयसने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. सुटकेचा एक दिवस हातात होता, तो तिने स्वतःच घालवला होता.

मग वलांडीवर नवीन प्रकार सुरू झाला. दर दोन तासांनी जॉयस जाळ्यांच्या ढिगावर आडवी व्हायची, पाय उलट्या टोपलीवर ठेवून. बायका बोलायच्या. "महाराणीचा पलंग आना रं!" "अगो, वारा घालू का?" सासू तोंड फिरवायची. रॉबर्टने वरच्या दोऱ्या स्वतः भरायला घेतल्या, पण होडीवर गेला की त्या जॉयसच्याच वाट्याला. आडवी झाली की अर्ध्या तासात वाळू ओसरल्यासारखं वाटायचं. उभी राहिली की पुन्हा भरायची. गोळ्यांनी पाळी अनियमित झाली, तोंडाची चव गेली, दुखणं थोडं कमी झालं. थोडंच. काही संध्याकाळी तिला वाटायचं, आत्ता जाऊन त्या डॉक्टरांना सांगावं, काढा, काय काढायचं ते काढा.

मार्चच्या तारखेच्या आदल्या दिवशी रॉबर्ट वहीचं पान फाडून बसला. मोठ्या डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून नेऊ, म्हणाला. जॉयस सांगत गेली, तो लिहीत गेला. शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार? पुन्हा वलांडीवर कधी उभं राहायचं? दुसरी शीर फुगली तर?

चौथा प्रश्न तिने दोनदा सांगितला आणि दोनदा खोडायला लावला. रॉबर्ट पेन धरून थांबला होता.

"लिही," ती शेवटी म्हणाली. "शिरा बंद केल्या, आनि मंग बी दुखलं, तर माझं खरं कोन मानंल?"